गिरणीच्या आवाजात

डॉक्टर पित्र्यांनी दोन दातांचा पोलादी काटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि त्याची थरथरती दांडी रशीदच्या कानामागच्या हाडावर टेकवली. आवाज विरला की बोट वर करायचं, हे त्याला खुणेने समजावलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने बोट वर केलं. मग डॉक्टरांनी काटा पुन्हा वाजवून कानासमोर धरला. बोट लगेच वर गेलं. डाव्या कानाचंही तेच.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

दळणाची टोपली पायाशी ठेवून दाराशी उभ्या असलेल्या रझियाने पदर पुढे ओढला. "घरवाला बरा व्हायचा नाय का, डॉक्टरसाहेब?"

आगबोटींच्या इंजिनघरात राबून रजेवर आलेल्या खलाशांचे कान डॉक्टर गेलं वर्षभर तपासत होते. रत्नागिरीत अशी माणसं हवी तेवढी मिळत. इंजिनाच्या धडधडाटाने कानातली नस कशी मरते, हे त्यांना मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत मांडायचं होतं. बाकीच्या खलाशांना काटा हाडावर कमी आणि कानासमोर जास्त वेळ ऐकू येई. रशीदचं नेमकं उलट होतं.

"याची नस चांगली आहे," ते रझियाला म्हणाले. "कानातलं एक बारीकसं हाड जखडलंय, त्यामुळे आवाज आत पोचत नाही. घरात आणखी कोणाला होतं असं?"

"सासूबाईंना. केस पिकायच्या आधीच ठार बहिऱ्या झाल्या."

"मग हा बोटीवर काम कसं करतो? विचारा बघू."

रझियाने नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं. रशीद हसला.

"बोटीवर? तिथे मला सगळं ऐकायला येतं. आमचा मुकादम, सारंग, काय बोलला ते दुसऱ्यांना मीच सांगतो."

"बघा," रझिया खाली बघत म्हणाली. "बोटीवर सगळं ऐकायला येतं. माझंच तेवढं येत नाय."

राजिवड्याला दोन भावांचं एकच घर होतं आणि मधे कुडाची भिंत. रशीद रजेवर आल्यापासून एक गोष्ट ती त्याला निजताना सांगत आली होती. दिराला, जावेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. तो भिंतीकडे तोंड करून गप्प राही. शेवटी तिने सांगायचं सोडून दिलं. येत्या शुक्रवारी तो मांडवीहून मुंबईच्या बोटीत बसणार होता.

डॉक्टरांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"चला, भिकाजीच्या गिरणीत जाऊ."

गिरणी दवाखान्यापासून जवळच होती. आत तेलावरचं इंजिन धडधडत होतं, पट्टा फटफटत होता, आणि बायका टोपल्या घेऊन मुकाट्याने उभ्या होत्या. डॉक्टर रशीदच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. अशा गलक्यात माणूस जसा बोलेल तसे बोलले, "तुम्ही मूळचे कुठले?"

"अंजनवेलचे," रशीद मान न वळवता म्हणाला.

डॉक्टरांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. तो उत्तरं देत गेला. भिकाजी हात कानाशी नेऊन पुढे आला, "काय म्हणतात डॉक्टर?" तेही रशीदनेच त्याला सांगितलं.

डॉक्टर रझियाला बाहेर ओट्यावर घेऊन आले.

"हा गलका त्याच्या कानात फारसा शिरतच नाही. आपण मात्र गलक्यात आपोआप आवाज चढवतो, तो त्याला बरोबर पोचतो. पुस्तकात वाचलं होतं, बघितलं आज. यावर औषध नाही माझ्यापाशी, बाई. पण तुम्हाला त्याच्याशी काही बोलायचं असेल तर आत जाऊन बोला. मी थांबतो."

रझिया टोपली घेऊन आत गेली. नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

"सकाळी पोटभर जेवलात ना?"

"जेवलो की. तूच तर वाढलंस." त्याने नवलाने तिच्याकडे पाहिलं.

शेजारच्या बाईचं लक्ष पडणाऱ्या पिठाकडे होतं. तिला यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. रझियाने एकवार सगळ्यांकडे पाहून घेतलं. मग आवाज चढवून म्हणाली, "या खेपेला जाऊ नका. माझ्या बाबांच्या मचव्यावर मासे धरायला माणूस हवाय. कमी मिळेल, पण तुम्ही घरी याल. मला एकटीला नाय राहवत."

तिने टोपलीची कड घट्ट धरली.

"हे तू कधी ठरवलंस गो?"

"तुम्ही आल्यापासून सांगतेय. निजताना. तुम्ही भिंतीकडे तोंड करून गप्प. मला वाटलं, नाय म्हणताय."

त्याने भुवयांवर बसलेलं पीठ पुसलं. ते पुसून झालं तरी हात तिथेच राहिला.

"आणि मला वाटलं, तू बोलणंच सोडलंस माझ्याशी," तो म्हणाला. "म्हणून तर घाई करत होतो जायची."

शुक्रवारी मांडवीला बोट आली तेव्हा रशीद मचव्यावरून नुकताच परतला होता. अंगाला माशांचा वास तसाच होता आणि डोक्यावर तांदळाची मोठी टोपली. पुढे रझिया, तिच्याही डोक्यावर टोपली. दोघं गिरणीत शिरली.

"अगो, परवाच तर दळून नेलंस," भिकाजी म्हणाला. "आज हे कोणाचं एवढं?"

"जावेचं आहे, समोरच्या खुर्शीदचं आहे," रझिया म्हणाली. "त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला येता, मी आणते दळून."

तिने टोपली उतरवली आणि इंजिनाला लागून असलेली जागा धरली.

"आमची घाई नाय," ती म्हणाली. "आधी बाकीच्यांचं होऊ दे."