नगरकडची कॉर्ड आधी

सुखदेवला मी कधी पाहिलं नव्हतं. खराडीतल्या आमच्या कंट्रोल रूममध्ये यंत्रांच्या रॅकला एक साधा फोन टांगलेला असायचा. त्या फोनमधून शिरूरहून येणारा आवाज म्हणजे सुखदेव, एवढंच मला ठाऊक होतं.

ही २००३ सालची गोष्ट. मी वाशिमहून आले होते, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून. पुण्याहून नगरला फायबरची केबल जायची आणि तिच्यातून कंपन्यांचा डेटा धावायचा. त्यातला अगदी बारीक वाटा आम्हा काम करणाऱ्यांना आपसात बोलायला राखून ठेवलेला होता. त्याला ऑर्डर वायर म्हणत. शिरूरच्या खोलीत दुसरा फोन नव्हता, आणि मोबाईल आम्हा दोघांकडेही नव्हता.

शिरूर मधे होतं, कारण काचेतून सत्तरेक किलोमीटर गेल्यावर प्रकाश जेमतेम तिसावा हिस्सा उरायचा. तिथली यंत्रणा त्या प्रकाशाची वीज करायची, पुसट झालेले ठोके पुन्हा ठसठशीत करायची आणि नवा प्रकाश करून तो नगरला पाठवायची. त्या यंत्रणेवर, एसीवर आणि जनरेटरवर लक्ष ठेवायला कंत्राटदाराने सुखदेवला ठेवलं होतं. त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला होता.

"पुणे, शिरूर बोलतोय. सगळं बरं हाय," असा तो रोज सकाळी रिपोर्ट द्यायचा. मग विचारायचा, "तुमच्याकडं काय चाललंय?"

"इथे काय, चार दिवे हिरवे, दोन पिवळे."

"पिवळं कशापायी?"

"आता बाप्पा, तेच तर पाहून राहिले!"

"पुण्यात राहून अजून 'बाप्पा' सुटंना व्हय तुमचं?" तो हसायचा.

आणि मग नगरहून रावसाहेबांचा आवाज यायचा, "सुटायला नकोच. छान वाटतं कानाला."

अडचण होती ती हीच. ऑर्डर वायर सगळ्या स्टेशनांची सामाईक होती. कोणीही फोन कानाला लावला की त्याला सगळं ऐकू जायचं. नगरचे रावसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते, आणि त्यांचा फोन जवळजवळ कायम कानालाच असायचा. माणूस फार चांगला होता. सुखदेवने आईच्या हातच्या भरल्या वांग्यांचं वर्णन केलं की मी काही बोलायच्या आत हे विचारायचे, "शेंगदाण्याचं कूट की तीळ?" त्यांच्या चहाचा घोटसुद्धा आम्हाला ऐकू यायचा.

त्यामुळे वर्षभर आम्ही जे बोललो ते तिघांत बोललो. सुखदेव मला विचारायचा, प्रकाश काचेतून बाहेर का सांडत नाही. मी पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाचं उदाहरण द्यायचे, तो शंका काढायचा, मी पुन्हा सांगायचे. एकदा तो म्हणाला, "तुम्ही सांगता तवा रॅकम्होरं उभं ऱ्हावंसं वाटतं." मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत होते, तेवढ्यात रावसाहेब म्हणाले, "उभा राहा, पण डिझेल बघ आधी."

मग नवी यंत्रणा आली. पुण्यात ऑप्टिकल स्विच बसला. त्यातले इवलेसे आरसे कलले की प्रकाश एका फायबरमधून दुसऱ्यात वळायचा, मधे वीज करायची गरजच नव्हती. सोबत जोरकस अॅम्प्लिफायर आले. आता प्रकाश पुण्याहून थेट नगर गाठणार होता. शिरूरला फक्त पुण्याकडच्या आणि नगरकडच्या फायबरच्या दोन कॉर्ड, म्हणजे यंत्रात खोचलेल्या वायरी, एकमेकींना जोडायच्या, आणि खोलीला कुलूप. कंत्राटदार सुखदेवला सोमवारी गुजरातेत पाठवणार होता.

बदलाच्या कामाची प्रोसिजर लिहायचं काम माझ्याकडे आलं. स्विचने सगळी वाहतूक नाशिकच्या मार्गावर वळवायची. मग सुखदेवने आपल्या यंत्रातून पुण्याकडची कॉर्ड काढायची, नंतर नगरकडची, आणि दोन्ही जोडायच्या. काम नेहमी आपल्या बाजूने सुरू करायचं, अशी आमच्याकडे रीत होती.

मी क्रम उलटा लिहिला. आधी नगरकडची कॉर्ड निघाली, तर रावसाहेब लाइनवरून जाणार होते. पुण्याकडची निघेपर्यंत त्या ऑर्डर वायरवर मी आणि सुखदेव दोघंच उरणार होतो. वर्षात पहिल्यांदा.

आमच्या प्रमुख मंदाकिनी मॅडमनी कागद वाचला. "नगरकडची आधी? का?"

"दोन्ही क्रमांनी सारखंच आहे मॅडम."

"मग नेहमीसारखं का नाही? फरक पडत नाही ना काही?"

"सिग्नलला नाही," मी म्हणाले.

चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी सही केली.

शनिवारी दुपारी काम होतं, ऑफिसं बंद असतात म्हणून. मी स्विचला आज्ञा दिली. पापणी लवायच्या आत वाहतूक नाशिकवरून सुरू झाली, एकाही ग्राहकाला कळलं नाही. मॅडम पलीकडच्या स्क्रीनवर बसल्या होत्या.

"शिरूर, नगरकडची कॉर्ड काढा."

"अच्छा पोरांनो," रावसाहेब म्हणाले, "इतके दिवस बरी सोबत..." आणि त्यांचं वाक्य तुटलं.

रावसाहेब लाइनवरून गेले होते. शिरूरच्या एसीची घरघर तेवढी येत होती. काय बोलायचं ते मी आठवडाभर ठरवत होते. त्यातला एक शब्दही आठवेना. चहाचा घोट घेणारं कोणी नव्हतं, तर मला सुरुवातच सापडेना.

"क्रम तुम्हीच बदलला न्हवं?" शेवटी सुखदेवच हळू म्हणाला.

"हो."

"मला वाटलंच व्हतं." मग म्हणाला, "मी एकदा आल्तो खराडीला. सामान न्यायला. काम झाल्यावर तुमच्या गेटम्होरं थांबलो. सुटायची येळ व्हती. लई पोरी भायेर आल्या."

"मग?"

"मग काय. त्यातली तुम्ही कोन, कसं कळनार? कुनी बोलतच नव्हतं. तुम्ही नुसतं 'बाप्पा' म्हन्ला असता, तरी वळखलं असतं."

शिरूरला सामान गेल्याचा दिवस मला आठवला; त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. त्या गेटमधूनच बाहेर पडले असणार, मान खाली घालून, वाघोलीची बस चुकू नये म्हणून. मी तोंड उघडलं, आणि खांद्यामागून मंदाकिनी मॅडमचा आवाज आला.

"उत्कर्षा, शिरूर अडकलंय का? नाशिकची बाजू एकटी आहे, तिला काही झालं तर सगळंच बसेल. चल पुढे."

त्या माझ्या मागेच उभ्या राहिल्या. म्हणजे आम्ही पुन्हा तिघं झालो.

"शिरूर," मी म्हणाले, "पुण्याकडची कॉर्ड काढा."

"काढतो," सुखदेव म्हणाला. पण तो आवाज काम करणाऱ्याचा नव्हता.

तेव्हा मी मॅडमच्या देखत, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "सुखदेव, मी उद्या शिरूरला येते. एसटी स्टँडवर. सकाळी."

उत्तर आलं नाही. एसीची घरघरही नव्हती.

इथून शिरूरला जायला प्रकाशाला एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. पण माणसाचा हात कॉर्डपर्यंत पोचायला किती वेळ घेतो, आणि कान त्या वेळी कुठे असतो, हे मला कुठल्याच सूत्राने काढता येईना. सगळं वाक्य गेलं असेल. कदाचित नुसतं त्याचं नाव गेलं असेल. काहीच गेलं नसेल.

थोड्या वेळाने टेबलावरचा नेहमीचा फोन वाजला. रावसाहेब नगरहून सांगत होते, प्रकाश पोचला, पातळी उत्तम. मी नोंद केली.

"उद्या तुझी ड्यूटी आहे," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मी बसेन." त्या जागेवर गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "आणि यापुढे प्रोसिजरमध्ये खरं कारण लिहीत जा. सही करणाऱ्यालाही जरा बरं वाटतं."

रविवारी वाघोलीहून पहिली मिळाली ती एसटी धरून मी शिरूरला उतरले. स्टँडवर गर्दी होती. टोपीवाले, पिशव्या घेतलेले, पेपर वाचणारे, खांबाला टेकलेले दोघंतिघं तरुण. त्यातला कोणीही सुखदेव असू शकत होता, किंवा एकही नसेल. मी चेहरे पाहत दोन चकरा मारल्या. मग लक्षात आलं की चेहऱ्यांचा काहीच उपयोग नाही. मी चौकशीच्या खिडकीपाशी गेले.

"न्हावरा गाडी किती वाजता आहे?" मी मोठ्याने विचारलं.

खिडकीतल्या माणसाने वेळ सांगितली.

"आणि पारनेरची?"

तीही सांगितली.

"पारनेरहून पुढे कान्हूरला जाणारी? श्रीगोंद्याची? ती इथूनच सुटते का?" माझा आवाज सगळ्या स्टँडभर जात होता. मागची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"अहो ताई," खिडकीतला माणूस वैतागला, "तुम्हाला नेमकं जायचंय कुठं?"

"कुठंच नाही बाप्पा," मी आणखी मोठ्याने म्हणाले, "मला इथंच यायचं होतं."