वळण न मोजलेला पूल

मी एक जुनी ढकलगाडी आहे. चार चाके, वर एक जाड फळी आणि ढकलायला लोखंडी दांडा, एवढाच माझा देह. परक्या देशातल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात मी राहते. मित्रांनो, मी तुमची भाषा कशी बोलते म्हणून डोळे मोठे करू नका. ज्यांचे सामान आयुष्यभर वाहिले, त्यांची भाषा शिकायला मला कुठल्या वर्गात बसावे लागले नाही. तुमच्याकडची मुले घरापासून लांब आली की आणखी कुणाशी नाही तरी निदान सामानाशी आपल्या भाषेत बोलतात. "अगं, सरक ना जरा!" हे मी ऐकलेले पहिले मराठी वाक्य. ते मला उद्देशूनच होते.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. रंधा मारून माझी फळी गुळगुळीत केली, चाके बसवली आणि कारखान्याचा मालक स्वतः माझ्यावर उभा राहून दोन उड्या मारून गेला. मी हूं की चूं केले नाही. तेव्हापासून मला माझ्या ताकदीचा थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

वसतिगृहात आले आणि माझे सुगीचे दिवस सुरू झाले. नवीन मुले आली की दारात माझ्यासाठी रांग लागे. बॅगेत विमानाला चालेल एवढेच वजन असते म्हणे, पण मला ते कधीच पटले नाही. आईने भरलेली बॅग कोणती आणि मुलाने स्वतः भरलेली कोणती, हे मी पहिल्या चार पावलांत ओळखत असे. आईने भरलेली बॅग दोघांना उचलावी लागे आणि तिचा मालक वर आणखी म्हणे, "काही विशेष नाही हो, थोडेसे कपडे आहेत." गाद्या, तांदळाच्या गोण्या, कुणीतरी सोडून दिलेली टेबले, ग्रंथालयात परत करायची पुस्तके, सगळे मी वाहिले. "ही नसती तर आपलं काय झालं असतं!" असे प्रत्येक जण म्हणायचा आणि मी दिवसभर त्याच तोऱ्यात फिरायचे.

पण कौतुकाचे दिवस सरले. चकचकीत, घडी होणाऱ्या, हलक्याफुलक्या गाड्या आल्या. माझी रवानगी तळघरातल्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या आणि कुणाचेही नसलेले गालिचे होते. वसतिगृहाच्या रखवालदाराला तुमच्याकडच्या सगळ्या मुली 'काका' म्हणत. त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण हाक आवडायची. तो एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भंगारवाला आला की हिला देऊन टाकू." मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी अजून धडधाकट होते.

भंगारवाल्याच्या आधी मोजपट्टी आली. हे तिचे खरे नाव नव्हे. कमरेला कायम मोजायची फीत लटकवून फिरणाऱ्या त्या मुलीला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने हे नाव ठेवले होते. ती पलंग मोजे, खिडकी मोजे, दुकानातले कपाट घ्यायचे नसले तरी मोजे. पूल कसे बांधायचे, हे शिकायला ती इथे आली होती. सकाळी वर्ग, दुपारी ग्रंथालयात पुस्तके जागच्या जागी लावायचे काम, अधूनमधून भराभर उरकलेले जेवण आणि संध्याकाळी पूल, असा तिचा दिवस.

पूल म्हणजे कागदावरचा नव्हे. माणूस चालून जाईल असा खराखुरा लाकडी पूल प्रत्येक विद्यार्थ्याने बांधायचा आणि परीक्षेत त्यावर वजन टाकून तपासायचा, अशी तिच्या विभागाची रीत. मोजपट्टीचा पहिला पूल भर कार्यशाळेत, सगळ्यांच्या देखत, काडकन मोडला होता. कुणीतरी फिदीफिदी हसले होते. आता दुसरी संधी, आणि तीच शेवटची. हाही पूल मोडला तर पदवी न घेता घरी परतायचे होते. म्हणूनच ती कार्यशाळेत पाऊल टाकायला तयार नव्हती. काकाला गळ घालून तिने अडगळीची खोली मिळवली आणि मला कोपऱ्यातून ओढून मधोमध आणले. माझ्या फळीवर लाकडे ठेवून ती कापायची, तासायची. मी पुन्हा कामाला लागले होते. अंगावर पडणारा तो भुसा मला नव्या कपड्यांइतका आवडायचा.

रोज काम सुरू झाले की ती फोन माझ्या दांड्याला टेकवून ठेवायची. पडद्यावर पलीकडे तिची आई भाजी निवडत बसलेली दिसायची. फारसे बोलणे नसे. "जेवलीस?" "हो." "खोटं." "अर्धं खरं." एवढ्यावर दोघींचे भागायचे.

पूल तयार झाला. काय देखणा होता म्हणून सांगू! परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मोजपट्टी, मैत्रीण आणि काका अशा तिघांनी तो माझ्यावर चढवला. खोलीचे दार तिने आधीच मोजले होते, पूल त्यातून झोकात बाहेर पडला. बाहेर बोळ होता, आणि चार पावलांवर तो बोळ काटकोनात वळत होता. सुटी लाकडे तिथून सहज आत आली होती. अख्खा पूल काही वळेना.

त्यांनी तो पुढे घेतला, मागे घेतला, उभा केला, तर छताला लागला. फोनवर आई होतीच, आता मामाही आला.

"तिरका घाला, तिरका!" मामा ओरडला. "आमचं कपाट असंच जिन्यातून नेलं होतं!"

"त्या कपाटाचं दार अजून लागत नाही," आई म्हणाली. "तू गप्प बस."

"मग भिंत पाडा म्हणावं थोडी!"

काकाला भाषा कळली नाही, पण मामाचे हातवारे कळले. तो घाईघाईने भिंतीपुढे जाऊन उभा राहिला.

मैत्रिणीला हसू आवरेना. मोजपट्टी मात्र जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडू लागली. "सगळं मोजलं गं आई! दुकानातली कपाटं मोजली! हे वळण तेवढं नाही मोजलं!"

आईने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "रडून झालं की आधी जेव. पूल कुठे पळून जात नाहीये. त्याला जाताच येत नाही."

रडता रडता मोजपट्टी हसली. ती जेवली. मग बोळात अडकलेल्या पुलाभोवती दोन फेऱ्या मारून तिने करवत उचलली.

"कापतेस?" मैत्रीण किंचाळली. "अगं, वेड लागलं का तुला?"

"कापते, आणि तिथे नेऊन जोडते. खरे पूल कुठे अख्खे नेतात? तुकड्यांनीच नेतात."

"पण बरोबर मध्यावर? तूच तर सांगायचीस, सगळ्यात जास्त ताण मध्यावर येतो म्हणून!"

"येतो. पण दुसरीकडे कापला तर मोठा तुकडा पुन्हा इथेच अडकेल." तिने फीत लावून मध्यावर खूण केली. आईने तिकडे डोळ्यांवर पदर धरला आणि मामाने आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. करवत चालली तेव्हा माझ्या फळीच्या काळजात धस्स झाले. उरलेला दिवस ती सांध्याचे गणित मांडत राहिली. लोखंडी पट्ट्या कुठे बसवायच्या आणि नटबोल्ट किती जाड घ्यायचे, सगळे नव्याने ठरले.

दुसऱ्या दिवशी मी ते दोन तुकडे परीक्षेच्या दालनात नेले. तिथे तिने ते दोन ओट्यांवर ठेवून जोडले. परीक्षक बाई बुटक्या आणि मितभाषी होत्या. सगळी मुले त्यांना वचकून असत. त्यांनी सांध्यावर बोट ठेवले.

"हा आराखड्यात नाही. का केला?"

मोजपट्टीला काहीबाही थाप मारता आली असती. ती म्हणाली, "मॅडम, तळघरातल्या बोळाचं वळण मोजायचं राहिलं. पूल बाहेर निघेना, म्हणून कापला."

दालनात हशा पिकला. या खेपेला तिने मान खाली घातली नाही. "सांध्याचं गणित नव्याने केलंय. तो टिकेल."

बाईंनी कागद पाहिले, पट्ट्या पाहिल्या, नट पिळून पाहिले. "वाळूच्या पिशव्या नुसत्या ठेवून सांध्याचं काही कळणार नाही," त्या म्हणाल्या. "माणसं पुलावर ठेवलेली नसतात, चालत असतात. चालतं वजन हवं." त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "ती गाडी आणा."

मित्रांनो, भंगारात जायला निघालेली मी, आणि मला बोलावणे आले! माझ्यावर पिशव्या रचल्या. मोजपट्टीने दांडा धरला. आम्ही पुलावर चढलो. लाकूड करकरले. पूल किती वाकतो ते मोजायला खाली लावलेल्या काट्याकडे बाई वाकून बघत होत्या. बरोबर सांध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "थांबा. तिथेच." मागे कुणीतरी पुटपुटले, "आता मोडणार." मी चारही चाके घट्ट रोवून उभी राहिले. पूल किंचित वाकला आणि तिथेच थांबला. त्याहून तसूभरही खाली गेला नाही.

"पिशव्या उतरवा," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही स्वतः बसा गाडीवर. ज्याने पूल बांधला त्याला त्यावरून जाण्याची हिंमत हवी."

मोजपट्टी माझ्यावर मांडी घालून बसली. ढकलायला मैत्रीण धावून आली. एका हातात मोजायची फीत, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये मामा गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतोय, "आमची भाची आहे ती, आमची!" आम्ही सांधा पार केला, पलीकडच्या ओट्यावर आलो, तर मैत्रिणीने वळवून पुन्हा इकडे आणले. मघाशी हसलेले सगळे टाळ्या वाजवत होते. बाईंनी कागदावर सही केली आणि प्रथमच हसून म्हणाल्या, "उत्तीर्ण. आणि वळणासकट!" मोजपट्टीने फोन छातीशी धरला. तिच्या आईला त्या वेळी काही दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. तेवढे तिला पुरले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची कीव करू नका. चाकात तेल घाला, सैल झालेला खिळा ठोका, अंगावरची धूळ झटका आणि आम्हाला काम सांगा. जपणे म्हणजे कोपऱ्यात झाकून ठेवणे नव्हे. नुसते पडून राहून आम्ही लवकर मोडतो, ओझ्याने नाही.

तो पूल विभागाने मोडला नाही. वसतिगृहाच्या मागच्या चरावर तो कायमचा बसवला आहे, आणि आता मुले त्यावरूनच वर्गाला जातात. त्यांना सांधा दिसतसुद्धा नाही. मी मात्र रोज सामान घेऊन त्यावरून जाते. मध्यावर आले की माझी चाके खाडकन वाजतात. तो आवाज मी मुद्दाम जरा मोठा करते.