तेरा फुटांची लाज

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. किनाऱ्यावर उभे राहून लाटांमध्ये दूर गळ फेकायचा असेल, तर जी लांबलचक काठी लागते ती मी. मात्र मला शोधायला समुद्रावर जाऊ नका. मी सध्या मोटार शिकवण्याच्या एका मैदानात, वाळू भरलेल्या डब्यात उभी आहे. माझ्या टोकाला लाल फडके बांधले आहे आणि गाडी मागे घ्यायला शिकणारी माणसे अधूनमधून मला धडकतात. धडकली की बिचारी ओशाळतात. त्यांना काय माहीत, ओशाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या धाग्यांचे कापड पोलादी सळीभोवती गुंडाळले, भट्टीत भाजले, सळी ओढून काढली, आणि मी आतून पोकळ व बाहेरून ताठ अशी तयार झाले. दोन तुकड्यांत बरे का, एकात एक बसणारे. मग खिडकीशी बसणाऱ्या एका बाईंनी माझ्या अंगावर तंगूस ओवायच्या कड्या बांधल्या. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही तेरा फुटी बया कोणाच्या गळ्यात पडते कोण जाणे!" दोघी हसल्या. मला ते कौतुक वाटले. पोकळ वस्तूंचे असेच होते.

दुकानात मी कोपऱ्यात उभी असे. माझ्या खांद्याला लागणाऱ्या काठ्या विकल्या जात आणि मी तिथेच. तरी माझी मान ताठ. एके सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक होता, आणि तो ते इतक्या वेळा दाबत की विद्यार्थी त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत.

दुकानदार बाईंनी रीतसर विचारले, "वाळूवरून टाकणार की खडकावरून? याआधी कधी गळ टाकलाय?"

"वीस वर्षं गाडी शिकवतोय," मास्तर म्हणाले.

बाईंनी ते उत्तर शांतपणे गिळले. "मग नऊ-दहा फुटी हलकी काठी घ्या. मध्यम रीळ, बारीक तंगूस, थोडे लहान गळ, शिशाची वजनं आणि काठी वाळूत रोवायला एक नळी. नवशिक्याला एवढं पुरे. मासा काही लांबच असतो असं नाही."

नवशिक्या हा शब्द मास्तरांना झोंबला. आजवर तो त्यांनीच दुसऱ्यांना लावला होता. "मोठ्यात मोठी दाखवा," ते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहून उसासा टाकला आणि माझ्या कमरेला एक भलेमोठे रीळ बसवले. लाज वाटायला हवी होती ती तेव्हाच. मी मात्र फुगले.

घरी मास्तरांच्या पत्नीने कपाळावर हात मारला. "अहो, हे काय धूड आणलंत?"

"ती जाते ना दर रविवारी समुद्रावर. म्हटलं, या रविवारी मीही जावं तिच्याबरोबर."

ती म्हणजे त्यांची लेक. गुरांची डॉक्टर. तिला दूरच्या एका गावी मनाजोगती नोकरी मिळत होती, पण तिथे रोज स्वतः गाडी चालवत गोठ्यागोठ्यांतून फिरावे लागणार होते. आणि लेक गाडीला हात लावत नसे. सोमवारी ती नोकरीला नकार कळवणार होती. गाडी शिकवणाऱ्याच्या घरात गाडी न येणारी मुलगी. लोक दिव्याखाली अंधार म्हणत आणि मास्तर खाली बघत.

कारण त्यांना ठाऊक होते. कॉलेजात असताना लेक त्यांच्याकडे शिकायला बसली होती. बाजाराच्या चौकात त्यांनी दुसरा ब्रेक इतक्या वेळा दाबला आणि असा आवाज चढवला, की दुकानांतली माणसे बाहेर येऊन हसू लागली. लेक भर चौकात दार उघडून उतरली आणि चालत घरी आली. त्यानंतर बापलेकीत जेवायला या, दार लावा, एवढेच बोलणे उरले होते.

"अहो, मग सरळ बोला ना तिच्याशी. चुकलं म्हणा, की झालं," पत्नी म्हणाली.

मास्तर फडक्याने मला पुसू लागले. मी आधीच लख्ख होते.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी याच मैदानात आमचा सराव झाला. मास्तरांनी पाय रोवले, मला डोक्यामागे नेले आणि जोर लावला. शिशाचे वजन सुटले ते थेट त्यांच्याच गाडीच्या मागच्या दिव्यावर. काच फुटली. बाकावर रांगेत बसलेले विद्यार्थी एकाएकी आकाशाकडे बघू लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले की लांबी आणि अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रविवार उजाडला. माझे दोन तुकडे केले तरी मी गाडीत मावेना. शेवटी शेजारच्या सीटची पाठ पाडून मला पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आडवे घातले. लेक तिची छोटी काठी मांडीवर घेऊन मागे बसली. "तुम्ही खरंच येताय, बाबा?" एवढेच तिने विचारले.

भरती लागली होती. लेक आधी नुसती पाण्याकडे बघत उभी राहिली. दूर जिथे लाटा फुटत होत्या, त्याच्या अलीकडे एक गडद, शांत पट्टा होता. तिने कोळंबीचा तुकडा गळाला लावला आणि त्या पट्ट्यात हळूच टाकला. जरा वेळाने तिच्या बादलीत पहिला मासा पडला.

आम्ही? आम्ही लांब फेकला. फुटणाऱ्या लाटांच्याही पलीकडे. अशी फेक पाहून कोणी टाळ्या वाजवील असे मला वाटले होते. तिथे मासा नव्हता. मास्तर परत परत तिथेच फेकत राहिले, हात भरून आले, आणि लेकीच्या बादलीकडे बघायचे त्यांनी सोडून दिले. मासे आमच्या पायांशी होते आणि आम्ही त्यांच्या डोक्यांवरून आढ्यता मिरवत होतो. माझ्या अंगात शरम उतरत गेली.

तंगूस गुंडाळत आणताना, अगदी जवळ, त्या गडद पट्ट्यात जोराचा हिसका बसला. मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा वाकले! आता माझ्या रिळावर एक चकती होती. ती सैल असली की मासा ओढेल तसा तंगूस सुटतो, घट्ट असली की सुटत नाही. तिला ब्रेकच म्हणतात. मास्तरांनी ती आदल्या दिवशीच दात-ओठ खाऊन आवळली होती. माशाने एकदा ओढले, दोनदा ओढले, आणि तंगूस तुटला. मासा गळासकट गेला.

मास्तर तसेच उभे राहिले. लेक वाळूतून चालत आली. तिच्या जागी ते असते तर काय ओरडले असते, ते त्यांना पाठ होते, आणि आता तेच ऐकायचे म्हणून त्यांनी मान खाली घातली. माझे टोकही खालीच होते.

लेकीने चकती फिरवून पाहिली. "इतका घट्ट कोणी केला?"

"मीच. ढिला ब्रेक म्हणजे अपघात."

"बाबा, हा माशाला जागच्या जागी थांबवायला नसतो. त्याला थोडं पळू द्यायचं. पळून दमला की येतो आपोआप." तिने चकती सैल केली, दातांनी तंगूस तोडून नवा गळ बांधला. "चालायचंच. पहिल्यांदा सगळ्यांचंच तुटतं."

हे वाक्य मास्तरांनी वीस वर्षांत एकाही माणसाला म्हटले नव्हते. "त्या दिवशी चौकात मी तुला..." ते म्हणू लागले.

"आमिष लावा, बाबा. भरती थांबणार नाही आपल्यासाठी," लेक म्हणाली. तिने कोळंबीचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

या वेळी आम्ही जवळ टाकला. तळहाताएवढा एक मासा आला. माझ्यासारख्या धुडाला तो आल्याचे कळलेही नाही. लेकीने तो परत पाण्यात सोडला.

निघताना मास्तरांनी मला पुन्हा सीटवर आडवे घातले. मग गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि स्वतः मागे जाऊन बसले.

"तुम्ही मागे? ब्रेक तर पुढे आहे," लेक घाबरून म्हणाली.

"तिथे काठी आहे ना. ती बघेल."

मित्रांनो, एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता! गाडी सुरू झाली, गचके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "होतं असं. परत घे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. हळूहळू गाडी चालू लागली. रस्ता सरला, गाव आले, आणि बाजाराच्या चौकात लेकीने अगदी बेताने वळण घेतले.

आणि मी घसरले. माझे जाड बूड सरळ त्या दुसऱ्या ब्रेकवर जाऊन बसले. गाडी भर चौकात खाडकन थांबली.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मागे वळून पाहिले. मास्तरांनी दोन्ही हात वर केले होते, चोर पकडला गेल्यावर करतो तसे. "मी नाही गं! देवाशपथ, मी नाही! ही बघ, ही!"

लेकीने माझ्याकडे पाहिले, बापाच्या वर केलेल्या हातांकडे पाहिले, आणि तिला हसू फुटले. मास्तरही हसू लागले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, दुकानांतली माणसे बाहेर आली होती, आणि ती दोघे डोळे पुसत हसत होती. मी मात्र शरमेने अर्धी झाले. एकच काम दिले होते, आणि ज्या चौकात नको तिथेच मी माती खाल्ली.

लेकीने मला उचलून माझे टोक खिडकीबाहेर काढले आणि गाडी पुन्हा सुरू केली. घर येईपर्यंत ती बंद पडली नाही.

सोमवारी लेकीने होकार कळवला. आता सुट्टीला येते ती स्वतः गाडी चालवत. मास्तरांनी तिच्या सल्ल्याने नऊ फुटी काठी घेतली आहे. मी का बाद झाले, सांगू? त्या रविवारी घरी पोचल्यावर दोघेही धावत आत गेले, आईला बातमी सांगायला. माझे अंग गोड्या पाण्याने धुवायचे कोणाला सुचले नाही. रिळात मीठ बसले, ते गंजले, आणि पुढच्या खेपेला सांध्यात अडकलेल्या वाळूने माझे दोन तुकडे कायमचे एकमेकांत रुतले. कोणाला दोष देऊ? ज्या आनंदात ती दोघे मला विसरली, त्यात माझाही वाटा होता, जरी तो मी लाजिरवाण्या रीतीने उचलला असला तरी.

परवा एका आजोबांनी गाडी मागे घेताना मला आडवे केले. ते खाली उतरून हात जोडू लागले. मास्तर म्हणाले, "असू द्या हो. पहिल्यांदा सगळ्यांचीच धडकते. परत घ्या." आणि त्यांनी मला उचलून उभे केले.

तर मित्रांनो, एवढेच मागते. काठी आपल्या उंचीला आणि हाताला झेपेल अशीच घ्या. समुद्रावरून आलात की आनंद कितीही झालेला असो, आधी तिला गोड्या पाण्याने धुवा, सांध्यातली वाळू पुसा. आणि ठेवताना रिळाचा ब्रेक आठवणीने सैल करा. घट्ट ठेवला तर तो आतल्या आत चिकटून बसतो. सैल करणारा हात वेळेवर मिळेलच असे नसते.