तेराव्या भागात काय झालं

आमच्या मंडळाच्या वहीच्या पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात नियम लिहिलाय: 'गोष्ट सांगू नये. सर्वांनी भाग पाहिला आहे असे धरून फक्त मत मांडावे.' खाली पट्टीने दोन रेघा मारल्यात. त्या रेघा आठवल्या की आजही स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

सन एकोणनव्वद. दर रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर 'उपग्रह सात' लागायचं. पाच माणसं यानातून लांबच्या एका उपग्रहावर गेलेली आणि तिथेच अडकलेली. दगड थर्माकोलचे, यान पत्र्याचं, सगळं कळायचं. तरी आम्ही वेडे झालेलो. आम्ही म्हणजे 'अवकाश मित्रमंडळ', एकूण सभासद पाच. भाऊ, म्हणजे ठाण्याच्या कोपरीतले आमचे शेजारी, शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. वर्तकनगरचा हरिहर, डोंबिवलीची हेमा, आंबिवलीचा कुंडलिक आणि मी, प्रमोदिनी. भाग झाला की पाळीप्रमाणे एकाने वहीत दोन पानं मत लिहायचं आणि वही पुढच्याच्या घरी नेऊन द्यायची. मी सेक्रेटरी. पानांना नंबर घालायचे, कुणी वाह्यात लिहिलं तर लाल शाईने शेरा मारायचा. दिवसभर वागळे इस्टेटच्या ऑफिसात साहेबाचं टायपिंग, आणि वर ही हौस.

भुताखेतांच्या सिनेमांना मंडळात बंदी होती. हाही नियम माझाच. हवेली, धूर, पांढऱ्या साडीतली बाई, आणि मध्येच पावसातलं गाणं! असले सिनेमे बघणाऱ्यांशी माझं पटायचंच नाही. म्हणून तर सगुणाबाईंशी वाकडं आलं.

सगुणाबाई चेंदणी कोळीवाड्यातल्या. आमच्या कोपरीच्या बाजारात मासे घेऊन बसतात. 'बंद बावडी' नावाचा भुताचा सिनेमा त्यांनी व्हिडिओवर चार वेळा बघितलेला, आणि तोंडपाठ. आमची मालिकासुद्धा न चुकता बघायच्या. वर मला बाजारात सगळ्यांसमोर ऐकवायच्या, "बाय, तुजं यान बी भुताचंच पिच्चर हाय. काल्या अंधारान मान्सं अरकलीन, दुसरा काय?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा त्यांनी विचारलं, मना घेशील का तुमच्या मंडलान? भाऊ म्हणाले, घे की. मी वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आधी एक पान मत लिहून द्या, मग बघू." चार दिवसांनी वही परत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, पान कोरं. मी लाल पेन काढलं आणि त्या कोऱ्या पानाच्या डोक्यावर लिहिलं: 'मत नाही. सदस्यत्व नाकारण्यात येत आहे.' खाली सही ठोकली.

तर ऐन शेवटच्या, तेराव्या भागाच्या आदल्या आठवड्यात भाऊंच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले. नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात शनिवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. दुसरा डोळा बुधवारी. भाऊंना ना बायको ना मूल. मी संध्याकाळी गेले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"प्रमोदिनी, उद्याचा भाग नीट बघ आणि मंगळवारी मला सांग. बुधवारी मला आत नेतील. डॉक्टर काही धड बोलत नाही गं. हे डोळे राहतात की जातात कोण जाणे. पण यान परत आलं की नाही, तेवढं कळू दे मला."

"सांगते भाऊ. पहिल्या सीनपासून सांगते."

रविवारी मी नऊलाच आंघोळ, पूजा उरकून टीव्हीसमोर बसले. दहाला दहा कमी असताना अर्ध्या कोपरीची वीज गेली. कोपऱ्यावरच्या डीपीत स्फोट झाल्यासारखा आवाज, आणि टीव्ही मेला. मी गॅलरीत धावले. समोर कोळीवाड्यात वीज होती! कुणाच्या तरी घरातून साबणाच्या जाहिरातीचं गाणं ऐकू येत होतं. सगुणाबाईंचं घर पाच मिनिटांवर, अँटेना इथून दिसते. आणि मी काय केलं? जिला लाल शाईने नाकारलं तिच्या दारात उभी राहून 'मला टीव्ही बघू द्या' म्हणू? छे! मी रिक्षा केली आणि स्टेशन ओलांडून पार नौपाड्यात मावशीकडे गेले. दाराला कुलूप. मावशी बारशाला गेलेली. शेजारी टीव्ही नाही. परत आले तेव्हा अकरा वाजलेले. मी पायरीवर बसून अक्षरशः रडले.

तेव्हा मालिका परत दाखवायचे नाहीत. गेलं ते गेलं.

म्हटलं, काय एवढं, चौघांपैकी तीन जणांनी बघितलाय. पण सेक्रेटरीनेच भाग बघितला नाही, हे कबूल कसं करणार? नाक वर करून मिरवलेलं ना तीन महिने. सोमवारी ऑफिसातून सुटले ती तशीच वर्तकनगरला हरिहरकडे. मनात म्हटलं, गप्पा मारता मारता काढून घेईन.

"काय मग हरिहर, शेवट कसा वाटला?" मी चहाचा घोट घेत विचारलं.

"शेवट?" त्याने बशी आदळली. "हा काय विज्ञानमालिकेचा शेवट झाला? विज्ञानाचा मुडदा पाडला! त्यापेक्षा तो 'बंद बावडी' परवडला."

"म्हणजे नक्की कुठला भाग तुला खटकला?"

"कुठला म्हणजे? तोच! तुला नाही खटकला? तू सेक्रेटरी ना?"

"खटकला ना. फार खटकला," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग तो पाऊण तास ऑक्सिजन, रेडिओलहरी आणि लेखकाची अक्कल यांवर बोलला. यान आलं की गेलं, हे एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणे, "अगं, गोष्ट काय सांगायची? तूच नियम केलास ना?" मला वाटलं कपबशी त्याच्या डोक्यात घालावी.

आंबिवलीला जाऊन-येऊन जमणार नव्हतं, म्हणून कुंडलिकच्या कारखान्यात फोन लावला. तिथे मशिनींचा खडखडाट, तो ओरडतोय, मी ओरडतेय. "भिकार शेवट!" एवढंच ऐकू आलं. मग "सुपरवायझर आला" म्हणाला आणि फोन ठेवला.

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून डोंबिवलीला हेमाकडे गेले. आता लाज सोडली. सरळ म्हटलं, "हेमा, मी भाग बघितला नाही. भाऊंना संध्याकाळी सांगायचाय. काय झालं ते सांग."

हेमाने आधी पोट धरून हसून घेतलं. "सेक्रेटरीच नापास! अगं बाई!" मग म्हणाली, "यान परत आलं गं. काय ते संगीत! माझ्या अंगावर काटाच आला."

"देवा! पाचही जण आले?"

"आले ना. म्हणजे यान उतरलं, दार उघडलं, आणि नेमकी आमच्या कुकरची शिट्टी उडाली. वरण छताला! मी आत पळाले. बाहेर आले तर नावं चाललेली. सासूबाई डोळे पुसत होत्या."

"त्या का रडत होत्या?"

"त्यांना काही विचारू नकोस, त्या बातम्या बघूनही रडतात."

मी कपाळावर हात मारला. एक म्हणतो विज्ञानाचा मुडदा, एक म्हणतो भिकार, एकीच्या अंगावर काटा. मतं पोत्याने, आणि गोष्ट कुणाकडे नाही! राग त्यांचा यायचा तेवढा आला, पण ठाण्याला उतरेपर्यंत तो सगळा माझ्यावरच उलटला. असल्या नुसत्या मतांची वही मीच तर भरवली होती. गोष्ट ही सगळ्यांकडे असतेच, असं धरून चाललेले मी. आता भाऊंना काय सांगू? थाप मारू? यान आलं, पाचही जण आले, शुभं भवतु? भाऊंनी आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्यात.

पूर्वेला बाजारात सगुणाबाई पाटी आवरत होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली, "बाय, तोंड का असा झायला? मास्तरचं बरं हाय ना?"

आणि काय झालं कोण जाणे, मी तिथेच, माशांच्या पाटीपाशी, सगळं सांगून टाकलं. वीज गेली ते, मावशीचं कुलूप, हरिहर, कुकर. त्यांच्या घराची अँटेना दिसत होती तरी आले नाही, तेसुद्धा. मला वाटलं, आता या चारचौघांत माझी काढणार. काढायलाच हवी होती.

"येरी हायस," मला वेडी म्हणाल्या, बस्स एवढंच. त्यांनी हात धुतले, पाटी शेजारच्या मनुबाईकडे सोपवली आणि पदर खोचला. "चल. मीच सांगतंय मास्तरला. माजी पोरगी त्याच्याच हाताखाली सातवी पास झायली."

हॉस्पिटलात भाऊ तसेच पडलेले होते. आमची चाहूल लागताच म्हणाले, "आलीस? सांग लवकर. आलं का यान?"

मी काही बोलायच्या आत सगुणाबाई स्टूल ओढून बसल्या. मत नाही, प्रस्तावना नाही.

"यान आयला, मास्तर. चार मान्सं उतरली. पाचवा नाय उतरला."

भाऊंचा हात चादरीवर थांबला. "कोण राहिलं?"

"तो म्हातारा मिस्तरी. हवा चौघांपुरतीच व्हती. म्हून तो बोलला, तुमी जा, मी दार लावून घेतंय. मांगंच रायला. त्याच्याकरं तीन दिसांची हवा. हिकरं त्याची बायकू मशिनीजवल बसली, ज्या मशिनीन त्याचा आवाज येयाचा. तर सांजचा ठोका आयला. टक, टक, टक. दुसऱ्या दिशी आयला. तिसऱ्या दिशी आयला. मंग चौथ्या दिशी बी आयला. तीन वरसं झायली, मास्तर, रोज सांजचा ठोका येतंय. मोठी मोठी मान्सं येतान, मशीन खोलतान, बोलतान बिघरली. बायकू उठत नाय. तिथंच संपला."

हरिहरचा मुडदा आणि कुंडलिकचं भिकार, दोन्ही मला एकदम समजलं. मीसुद्धा रविवारी तो भाग बघितला असता तर वहीत दोन पानं भरून बोंब मारली असती.

 भाऊंमधला मास्तर जागा झाला. "पण सगुणाबाई, हवा तीन दिवसांची. मग पुढे ठोका देतं कोण?"

"ता सगली इचारतान. ती बायकू नाय इचारत. ती आयकतं."

मग त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माजा धाकू खारीन गेला तवा होरी आयली, तो नाय आयला. सा वरसं झायली. सांजचं मी दार उघरंच ठेवतंय. सगली बोलतान, सगुणा, भुताची पिच्चरं बगतंस, भ्याव नाय वाटत? कनाचा भ्याव? भूत झाला तरी आयला तर खरा."

त्यांच्या नवऱ्याची, धाकूची गोष्ट अख्ख्या कोपरीला ठाऊक होती. मलाही होती. खाडीत होडी मिळाली, माणूस नाही. इतके महिने मी त्या बाईशी भुताच्या सिनेमांवरून वाद घातला, आणि ही गोष्ट एकदाही माझ्या डोक्यात आली नाही.

भाऊंच्या पट्टीची कड ओली झाली. "भाऊ, रडायचं नाही, डॉक्टर ओरडतील," मी म्हटलं.

"ओरडू दे," भाऊ म्हणाले. "उद्या आत जाताना हा ठोका कानात घेऊन जाईन. प्रमोदिनी, वही आहे ना? हे लिही. मत नको. बाईंनी सांगितलं तसंच लिही."

मी पिशवीतून वही काढली. कोरं पान शोधत चाळत गेले, तर ते पान उघडलं. लाल शाईतला माझा शेरा, खाली माझी सही, आणि बाकी सगळं रिकामं. सगुणाबाई डोकावल्या.

"ही तीच वही ना? ह्या पानाव काय लिवलंस गो लाल?"

मी तळहाताने तो शेरा झाकला.

"मी चार दिस घरान ठेवली व्हती," त्या भाऊंना म्हणाल्या. "रोज उघरून बगयाची. पन मना लिवता कुठं येतंय? पोरगी सासरी. दुसऱ्या कोनाला सांगू, शरम वाटली. मंग धुतल्या पिशवीन घालून दिली परत." आणि माझ्याकडे वळून, "रागावलीस ना तवा?"

"नाही हो, सगुणाबाई," मी म्हटलं. "परत सांगा. पहिल्यापासून. हळू सांगा."

बाहेर नर्सने भेटायची वेळ संपल्याची घंटा वाजवली. सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. लाल शाई खोडून निघत नाही. मी तिच्याच खाली निळ्या पेनाने लिहायला सुरुवात केली: यान आयला. चार मान्सं उतरली.