राहू दिलेला पाइप

"टाकी दोनदा धुतली, औषध टाकलं. मग जंतू येतात कुठून?" आरोग्य खात्याच्या डॉक्टर विशाखा हॉटेलच्या गच्चीवर उभ्या राहून विचारत होत्या. मॅनेजर हेमराजभाई टाकीकडे बघत होते आणि धुडकू प्लंबर आपल्या हातातल्या पान्याकडे.

पर्वत पाटिया भागातल्या त्या हॉटेलात साड्यांच्या खरेदीला आलेले दुकानदार उतरत. वर्षभरात त्यातले तिघे घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी न्यूमोनियाने आडवे झाले होते. तिघेही तिसऱ्या मजल्यावर राहिलेले. हे जंतू पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टाकी धुतली की दोन महिने सगळं ठीक, मग पुन्हा तेच. शेवटची आजारी पडली ती अकोल्याची कविताबाई. ती अजून व्हेंटिलेटरवर होती.

"गिऱ्हाईकच बाहेरून काहीतरी घेऊन येतं, मॅडम," हेमराजभाई म्हणाले. "आपलं फिटिंग एक नंबर. विचारा धुडकूकाकांना. बावीस वर्षांत एक जोड गळला नाय."

ते खरंच होतं. धुडकूने मारलेला जोड गळला असं शहरात उधन्यापासून कतारगामपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. बुवा बोलायला कंजूष, पण कामाचा गर्व डोंगराएवढा. खोड एकच, धडका पाइप त्याला तोडवत नसे. पारोळ्याकडच्या ज्या घरात तो वाढला, तिथे बादलीचा कान तुटला तरी तार बांधून ती वापरत. फेकणं कोणाला ठाऊकच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरची कपडे धुण्याची खोली बंद झाली, तेव्हा तिथली गरम पाण्याची लाइन मुळापासून कापायला हवी होती. धुडकूने तिच्या टोकाला नुसतं बूच बसवलं आणि वरून प्लास्टर केलं. आज ना उद्या कामाला येईल, म्हणून.

आता ती लाइन त्याला आठवली. बोलला तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार होतं, बहुतेक नोकरीही. गप्प बसला तर कोणालाच कळणार नव्हतं. भिंत त्यानेच लिंपली होती.

"म्याडम, वापरात नसलेल्या पाइपात पाणी साठून राहिलं तर?"

"तर टाकी कितीही धुवा, काका. तिथूनच जंतू पुन्हा पसरणार."

"मग खाली चला. मनी चूक शे." घाबरला की त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघे. डॉक्टर उधन्यात, अहिराणी बोलणाऱ्यांच्या वस्तीतच वाढलेल्या, 'माझी चूक आहे' हे त्यांना कळलं.

हेमराजभाईंनी त्याला जिन्यात बाजूला ओढलं. "काका, गांडा थई गया छो? वेड लागलंय का? नोकरी जाईल!"

"जाऊ द्या, भाई. तिकडे त्या बाईला मशीन श्वास देतंय."

तोंडाला मास्क लावून धुडकूने छिन्नी-हातोड्याने स्वतःचंच प्लास्टर फोडलं. बूच फिरवलं तेव्हा कोमट, तांबूस, बुळबुळीत पाणी आलं. डॉक्टरांनी ते बाटलीत भरून घेतलं. मग त्याने ती लाइन मुळापासून कापली. आपली चूक भिंतीत गाडलेली असताना ती भिंत आपल्याच हाताने फोडायला छाती लागते. ती या किडकिडीत माणसात होती.

आठवड्याने रिपोर्ट आला. जंतू त्याच पाण्यातले निघाले. कविताबाई आता स्वतःहून श्वास घेते आहे, हेही डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. त्याच दुपारी मालकाने धुडकूला बोलावून 'आता घरी आराम करा' असं गोड शब्दांत सांगून टाकलं.

तो उधन्याला घरी आला आणि पिशवीही खाली न ठेवता गच्चीवर गेला. तिथे अकरा वर्षांपासून एक पाइप वर काढून, बूच लावून ठेवलेला होता. मुलगा वाल्मिक लग्न करील, वर खोली बांधू, तेव्हा कामाला येईल, म्हणून. वाल्मिकने लग्न केलं आणि तो हैदराबादला राहिला. गेल्या दोन दिवाळ्यांना फक्त त्याचा फोन आला होता.

करवतीचा आवाज ऐकून त्याची बायको सुंदरा वर आली.

"हाई काय करी राह्यनात? वाल्मिकनी खोलीना पाइप शे ना तो!"

"पाणी साची राह्यनं त्यामा."

"आन् वाल्मिक परत ऊना त?"

"ऊना त नवा पाइप टाकसू."

 सुंदरा पदर खोचून खाली बसली आणि कापताना हलू नये म्हणून तिने तो पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला.