वीतभर दोरा

सुई वाकळीत तशीच टोचलेली होती, नेढ्यात वीतभर दोरा... मिरजेच्या दवाखान्यातून मोहसीनचा फोन आला, "अब्बा, अम्मी गेली," तेव्हा इलाही त्या सुईकडेच बघत होता. कुणाच्या तरी पायात जाईल, काढून ठेवावी — त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, आणि त्याची त्याला अजून लाज वाटते.

चाळिसावा झाला तरी सुई तिथंच होती. आज दुपारी शेजारच्या लक्ष्मीबाई आणि त्यांची नात अक्षता वाकळीच्या कडेला येऊन बसल्या, तसा तो शिलाई मशीन थांबवून आत आला. याच खोलीत कुंडल गावातल्या सात-आठ बायका जमायच्या. हात वाकळीवर, कान त्याच्या बायकोच्या, मेहरूनबीच्या गोष्टीकडं. ऐकता ऐकता अक्षता स्वतः लिहायला लागली होती. शेवटची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. माण भागातली एक बाई बाजार करून एकटी परत निघते, अंधारून येतं, ती ओढ्यात उतरते आणि मागं पावलं वाजतात... पुढं काय, हे अक्षतानं गेल्या आठवड्यात त्याला विचारलं, तेव्हा तो सांगून मोकळा झाला होता — चोर होता.

अक्षतानं लिहिलेलं वाचून दाखवलं. लक्ष्मीबाईंनी मान हलवली.

"हे मेहरूनचं न्हाई. तिच्या गोष्टीत चोर एवढ्या लवकर कवा आला?"

"चाचांनीच सांगितलंय, आजी."

"भाऊ कवा ऐकत हुता गं? ह्येची मशीन चालू."

तो हसला. खरंच होतं ते. मी ऐकत नव्हतो, मेहरून. फक्त तू दारात येऊन हातानं माप दाखवायचीस, तेवढा दोरा कापून देत होतो — कधी हातभर, कधी वीतभर. एवढ्याशानं काय शिवणार, असं मी कुरकुरायचो आणि तू नुसती बघायचीस...

"चाचा, आखूड दोरा दिसला की आमी समजायचो, आता भीतीची जागा आली," अक्षता म्हणाली. "दोरा संपला की गोष्ट थांबायची. परत ओवेपर्यंत आमचा जीव टांगणीला. मीबी आता तसंच लिहिते."

"त्या दिवशीबी थांबली," लक्ष्मीबाई हळू बोलल्या. "छातीत कळ येतीया म्हणाली. आमाला वाटलं, हिची नेहमीची खोड. आमी हसलो रं, भाऊ. लय वेळ हसलो."

ते हसणं त्यानंही ऐकलं होतं, मशीनच्या आवाजातूनही — चाललीय गंमत, असं म्हणून त्यानं पुढची बाही लावायला घेतली होती.

त्यानं सुईकडे पाहिलं. दोरा संपला नव्हता. कापून दिला होता तेवढा जवळजवळ सगळाच होता. टाका एकच पडला असेल. म्हणजे ती खोड म्हणून गोष्ट थांबवत नव्हती, कळ खरीच होती... आणि हे समोर दिसत होतं, सात-आठ जणींना, दोऱ्याचं माप ज्याच्या हातातून गेलं त्यालाही, तो आत आला असता तर.

लक्ष्मीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना हे दाखवावं की नाही, त्याला ठरवता येईना. अक्षता वही उघडी ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"सांगा की, चाचा. पुढं?"

तो वाकळीजवळ बसला. सुईला हात लावला, पण काढली नाही.

बाईच्या मागं कोण होतं, ते कळायचं राहिलं होतं. वाकळीचा एक कोपरा राहिला होता. आणि चोर आपणच मनानं घातला, एवढं सांगायचं राहिलं होतं.