दोरांदोची बाजू

एर्मेसने शर्टाची बाही तळहातावर ओढून घेतली आणि गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. कापडाआडून उंचसखल जास्त कळतं.

अकरा मिलिमीटर.

टपाल वाटणाऱ्या बाईने स्कूटर चालूच ठेवली आणि काचेला नाक लावलं. आठवड्यातली ही तिसरी खेप. आठवडाभरात या वर्कशॉपच्या नावाचं एकही पत्र आलेलं नव्हतं.

लाकडी हातोडा वीस वर्षं टिकतो. ठोकणाऱ्याचे कान बारा.

सहा वर्षांच्या मुलीला वडिलांचा आवाज आठवतो. हात आठवत नाहीत.

"काका, जरा बसा ना," वर्कशॉप चालवणारी नोर्मा म्हणाली. मोठ्याने म्हणाली. एर्मेसशी बोलताना सगळं मोदेना शहर मोठ्यानेच बोलायचं.

"बसलो की उठवायला चार माणसं लागतात. तुझ्याकडे दोनच आहेत."

त्याने गाडीला पुन्हा वळसा घातला. पाचवा असेल. नोर्माने ठेवलेली कॉफी गार झाली होती, न्योकोच्या, मैद्याच्या तळलेल्या चौकोनांवर हॅमची चरबी वितळून पसरली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण एका जागी थांबेना. पुढून बघायचा, मागून बघायचा, मध्येच दारापर्यंत जाऊन यायचा.

गाडीला चाकं नव्हती. इंजिन काढून बाजूला ठेवलेलं. रंग खरवडून टाकलेला, आतलं राखाडी ॲल्युमिनियम उघडं पडलेलं, चार लाकडी ठोकळ्यांवर नुसतं कवच उभं. तरी सकाळपासून गल्लीतल्या कसायाने दोनदा काम टाकलं होतं. एप्रनसकट आला, हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि गेला. ही गाडी उभी असतानाही निघालेली वाटायची. पंचावन्न वर्षांपूर्वीही वाटायची, तेव्हाही चाकं नव्हती.

मोजणीसाठी तोरिनोहून आलेला ब्रेरो लॅपटॉपमागून म्हणाला, "डाव्या चाकावरचा फुगवटा उजव्यापेक्षा अकरा मिलिमीटर उंच आहे. लेझरने मोजलंय."

"एवढं मशीन उचलून आणलंत हे सांगायला? मला विचारायचं. बसच्या तिकिटात काम झालं असतं."

ब्रेरो हसला. त्याला वाटलं गंमत आहे.

गंमत नव्हती. एर्मेस तरुणपणी होता त्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीवर दोघं असायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढच्या गाडीला बाजू बदलायच्या. आराखडा म्हणजे भिंतीवर खडूने काढलेली एक रेघ. मधे वाळूची पिशवी, झाडाचा बुंधा, हातोडे, आणि मालकाचं ओरडणं. कुठेही नाव कोरायचं नाही ही मालकाची सक्त ताकीद. गाडी गिऱ्हाइकाची, नाव कंपनीचं. ठोकणाऱ्यांचे कान तेवढे त्यांचे स्वतःचे, आणि तेही गेले. या गाडीवर एर्मेस आणि दोरांदो वान्देल्ली होते. नोर्माचे वडील. एकाहत्तर साली ते गेले, तेव्हा ती सहा वर्षांची होती.

"पुन्हा सांग," एर्मेस म्हणाला. "गाडीच्या त्या झ्युरिकवाल्या मालकाला नेमकं काय हवंय?"

"दोन्ही बाजू सारख्या," नोर्मा म्हणाली. "मोजणी बघितल्यापासून त्याला झोप नाही. एक बाजू ठेवायची, तिच्यावरून दुसरी नवी करायची. कोणती ठेवायची, हे माझ्यावर सोडलंय."

"दोन्ही ठेव."

"महिनाभर तेच समजावतेय त्याला. मी नाही केलं तर दुसरीकडे नेईल, तिथे दोन्ही कापतील आणि यंत्राने नव्या करतील."

"सारख्या केल्यास तर ती उभी राहील." त्याने हाताने हवेतच गाडी थांबवून दाखवली. "कळतंय का तुला? नुसती उभी."

"कळतंय."

"मग?"

नोर्माने एप्रनला हात पुसले. हात स्वच्छच होते. "बाबांची बाजू कुठली, तेवढं सांगा. त्यांच्या बाकीच्या गाड्या कुठे आहेत, आहेत की नाहीत, कुणाला माहीत नाही. माझ्याकडे त्यांचं एक घड्याळ आहे, ते कुठल्यातरी स्विस माणसाने बनवलेलं." ती थांबली. "पण काका, तुमची ठेवायची असेल तर तुमची ठेवू. खरंच. तुम्ही समोर आहात. तुम्हाला न विचारता करवत नाही लावणार."

"जिवंत माणसाला बरं विचारतेस असलं."

"मेलेल्याला विचारता आलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

एर्मेस बाहेर गेला.

लिंडनच्या झाडाखाली उभा राहिला. कसायाच्या दुकानापर्यंत चालला. परत आला. दारातून पुन्हा मागे फिरला. कसाई म्हणाला, "काय एर्मेस, बायकोच्या बाळंतपणाला आल्यासारखा काय फिरतोस?"

"तू मांस काप."

"दोन्ही बाजू चांगल्याच आहेत म्हणावं तिला."

"तुला काय कळतं?"

"मला काय कळायचंय? मी आपला बघतो."

आत येऊन त्याने टॉर्च मागितला. गुडघे टेकले, टेकवायला नोर्मा आणि ब्रेरो दोघंही लागले. उजव्या चाकाच्या कमानीत त्याने डोकं घातलं. आतून पत्र्यावर मठाराच्या खुणा दिसत होत्या, तांब्याच्या हंड्यावर असतात तशा. उजवीकडे दाट, बारीक, एकीवर एक चढलेल्या. चुकलेलं सावरलेलं, सावरलेलं पुन्हा तपासलेलं. मग तो डावीकडे गेला. तिथे ठोके मोजकेच. मोठे. प्रत्येक एकदाच पडलेला, जिथे पडायला हवा तिथे, आणि पुढे गेलेला. फुगवटा सर्वांत उंच होता तिथे तर तळहाताएवढ्या जागेत फक्त चार.

डावीकडे तो बराच वेळ होता. टॉर्च विझवल्यावरही.

"काका? बरं वाटतंय ना?"

"उठव मला."

उठल्यावर त्याने पँटचे गुडघे झटकले. पुन्हा झटकले. गाडीकडे पाठ केली आणि मग बोलला.

"उजवी. उजवी तुझ्या बापाची. बघ हात घालून. किती सांभाळून केलंय."

नोर्मा खाली बसली. तिने उजव्या कमानीत हात घातला, एकेका खुणेत बोट बसवून पाहिलं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं ती काय करतेय. ब्रेरोने लॅपटॉपमध्ये बघितलं.

"आणि डावी?" तिने आतूनच विचारलं.

"माझी. बाविसाव्या वर्षाची घाई. दिसतेच आहे."

"मग कापू?"

"काप."

तिने उठून त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले. तिचे ओले होते. "तुम्ही तुमची बाजू दिलीत," ती म्हणाली. "मी हे विसरणार नाही."

"विसर. तेच बरं."

"कापलेला पत्रा तुमच्या घरी पाठवते. भिंतीवर लावा."

"जागा नाही."

"तीन खोल्यांत एकटे राहता."

"भंगारात घाल म्हणतो ना."

"अजिबात नाही. तुमच्या हातचं आहे. जेवताना समोर दिसेल."

तो टोपी शोधू लागला. टोपी डोक्यावरच होती, ब्रेरोने सांगितलं. नोर्माने डाव्या बाजूवर निळ्या पेन्सिलने रेघ मारली, चष्मा लावला, हवेवर चालणारी करवत उचलली. एर्मेसने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. दारात मात्र तो थांबला, दिवसभरात पहिल्यांदाच एका जागी, आणि करवतीचं पातं फुगवट्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत तिथून हलला नाही.

एकोणीसशे चौसष्टच्या मार्चमध्ये या गाडीची डावी बाजू दोरांदो वान्देल्लीने नऊ दिवसांत पुरी केली होती. उजवीला एर्मेसला तीन आठवडे लागले.